जबड्यात तुटलेले तुकडे

१४ जुलै

भिंगरे,

आज आशीर्वाद मोजून देत नाही, ओंजळीने घे.

तुझं पत्र पोस्टमनने जिन्यातच हातात ठेवलं. म्हणाला, "आजी, वर जाऊन फोडा, पडाल." मी कसली थांबते! पायरीवरच बसकण मारली आणि वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रयोगशाळेत घेतलं माझ्या नातीला! अजून कॉलेज संपायचंय, आणि मोठ्या मास्तरांनी स्वतः सांगितलं, "उद्यापासून ये"! खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई भाजी घेऊन वर येत होत्या, त्यांना तिथेच अडवलं आणि अख्खं पत्र ऐकवलं. त्यांची पिशवी जड होती हे मला नंतर कळलं. बिचाऱ्या नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

आता मला नीट समजावून सांग, तिथे करतात काय? तुझ्या बाबाला विचारलं तर म्हणाला, "लोखंड वाकवतात." म्हटलं, ते तर लोहारही करतो. तर म्हणे, "तेच तर!" आणि पेपरात डोकं खुपसलं. त्याचं तुला माहीत आहे. त्याच्या लेखी इंजिनियर म्हणजे कंपनीत जाणारा, गळ्यात ओळखपत्र, ठरल्या तारखेला पगार. त्याचे वडीलही असेच होते. नवीन चपला घेतल्या तरी महिनाभर जुन्याच घालून फिरायचे, म्हणे सवयीच्या आहेत.

मी चौथीपर्यंत शिकले, त्यातही चौथी अर्धीच. पण मास्तरांनी एकदा काचेच्या नळीत पाणी निळं करून दाखवलं होतं. ते निळं का झालं, हे विचारायला मी हात वर केला आणि घंटा झाली. तू विचार हो. घंटा झाली तरी विचार.

फोन करू नकोस, फोनवर तुझा आवाज मला विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. पत्रच लिही. आणि जेवत जा वेळेवर. शोध लावणारी माणसं उपाशी राहतात असं कुठेतरी ऐकलंय, ते तेवढं उचलू नकोस.

तुझी, पाय जमिनीवर नसलेली,
आजी


२ ऑगस्ट

आजी,

वाकून नमस्कार. (तू जिन्यात बसू नकोस हं, गुडघा आहे तुझा.)

सांगते. माणसाचं हाड मोडलं की डॉक्टर आत धातूची पट्टी बसवतात. हाड जुळेपर्यंत त्या पट्टीने भार घ्यायचा. एका कंपनीने अशा पट्ट्या नव्या पद्धतीने केल्या आहेत, धातूची पूड थरावर थर वितळवून. खूप स्वस्त पडतात. त्या टिकतात का, हे आम्ही बघतो. पट्टीचा तुकडा मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा आणि वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा, तुटेपर्यंत. माणूस चालतो तेव्हा पट्टीला हेच सोसावं लागतं. म्हणजे बाबांचं बरोबर आहे, आम्ही लोखंड वाकवतो. फक्त ते लोखंड नाही, असं त्यांना सांग.

सुरुवातीला मला मशीनला हातही लावू दिला नाही. मी नुसती घासत होते. तुकडा खरखरीत कागदावर घासायचा, मग त्याहून बारीक कागदावर, मग त्याहून, आपला चेहरा त्यात दिसेपर्यंत. बोटांची सालं गेली. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारा एक मोठा मुलगा आहे, त्याला सगळे ढापण्या म्हणतात. त्याच्या चष्म्याच्या काचा म्हणजे बाटलीचं बूड. तो यायचा, तुकडा दिव्याखाली धरायचा आणि म्हणायचा, "अजून नाक दिसत नाही माझं. घास!"

त्याने एक नियम शिकवला. तुकडा जबड्याच्या अगदी काठाशी तुटला तर तो हिशेबात धरायचा नाही, कारण तिथे जबडा त्याला चावतो, पट्टीचा त्यात दोष नाही. वहीत लिहायचं 'जबड्यात तुटला' आणि बाजूला टाकायचा. मधे तुटला तर तो खरा.

आणि काल मी पहिल्यांदा तडा पाहिला. मायक्रोस्कोपखाली. केसाच्या कितीतरी पट बारीक, आणि सरळ नाही, वाट चुकलेल्या मुंगीसारखा कडेकडेने गेलेला. तुकडा अजून अख्खा होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं, आणि आत हे सुरू झालेलं. मी इतका वेळ बघत बसले की ढापण्या म्हणाला, "लग्न लावून देऊ का त्याच्याशी?"

आजी, मला हेच करायचंय. बाबांना आत्ता सांगू नकोस.

तुझी
भिंगरी


९ ऑक्टोबर

भिंगरे,

अगं काय रणकंदन झालं घरात! तुझा फोन आला, की तू कंपनीच्या मुलाखतीला बसणारच नाहीस, आणि बाबा जो उठला तो थेट गॅलरीत. तिथून आत, आतून पुन्हा गॅलरीत. तुझी आई म्हणाली, "बसा हो, लादी झिजेल." तर तिच्यावर खेकसला.

"वर्गातली सगळी पोरं बसतायत मुलाखतीला, आणि आमच्या बाईसाहेब तुकडे मोडणार! तुकडे मोडून कुणाचं पोट भरलंय?"

म्हटलं, "डॉक्टर हाड जोडतो त्याचं भरतंच ना? मग त्याची पट्टी तपासणारीचं का नाही?"

"आई, तुला यातलं काही कळतं का?"

"नाही कळत. पण पोरीला कळतं. तुला नोकरी लागली तेव्हा मला तुझ्या नोकरीतलं काय कळत होतं? मिरवलीच ना मी गल्लीभर?"

मग म्हणाला, त्या मास्तरांनी उद्या तिला पुढे घेतलं नाही तर? ना नोकरी, ना शिक्षण, घरी बसली तर? मी छाती ठोकून सांगितलं, "घेतील. आणि नाही घेतलं तर मला विचार. पोरीची जबाबदारी माझी." मोठ्याने बोलले बहुतेक, कारण खालून शिक्षिकाबाईंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

शेवटी तुझी आई म्हणाली, "करू दे तिला." ती एरवी माझ्या बाजूने कधी बोलत नाही, त्यामुळे बाबाला वाटलं असणार की आता घरात बहुमत गेलं.

तेव्हा तू निवांत राहा. इकडची आघाडी मी सांभाळते. त्या ढापण्याला सांग, माझ्या नातीची बोटं पुन्हा सोलली तर मी येईन तिथे. आणि मास्तरांसाठी मी मफलर विणायला घेतलाय, राखाडी. गळ्याची लांबी कळव. कळवली नाहीस तरी मी अंदाजाने विणीन, माणसांचे गळे साधारण सारखेच असतात.

तुझी
आजी


११ नोव्हेंबर

आजी,

सरांच्या गळ्याची लांबी मी कशी मोजू? बरी आहेस ना!

माझं काम हल्ली फार हलकं झालंय. काय झालं, मी मशीनवर एकटी बसायला लागले, आणि एकामागून एक तुकडे भलत्याच लवकर तुटायला लागले. मधेच, बरोब्बर मधे. पट्टीच्या आत वितळताना बारीक पोकळ्या राहतात, तडा तिथून निघतो, मी मायक्रोस्कोपखाली स्वतः पाहिलं. धावत सरांकडे गेले. वाटलं, शाबासकी मिळेल.

सरांनी तुकडे हातात घेतले, दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या आणि ढापण्याकडे दिले. ढापण्या म्हणाला, "जबड्यात तुटले." मी म्हटलं, "दादा, जबडा कुठे, हे कुठे!" तर सर हसले. म्हणाले, "नवी आहेस, नजर बसायला वेळ लागतो. जबड्यात तुटले असं लिही आणि पुढचे लाव. कंपनीला नववर्षाआधी आकडे द्यायचेत."

तेव्हा आता असं आहे: चांगला टिकला तर लिहायचं टिकला, लवकर तुटला तर लिहायचं जबड्यात तुटला. किती दयाळू माणसं बघ! तुकडा कुठे तुटला हे बघायचेही कष्ट मला देत नाहीत. पुढच्या वर्षी मला इथेच ठेवून घ्यायचं की नाही, हे सर ठरवणार. म्हणून मीही लिहिते, मुकाट्याने.

तू जबाबदारी घेतलीस ना बाबांपुढे. तुझी मान खाली जाऊ देणार नाही.

भिंगरी


६ डिसेंबर

भिंगरे भिंगरे,

ओळख पाहू मी कुठे जाऊन आले!

शिक्षिकाबाईंना डोळे दाखवायला तुझ्या गावात यायचं होतं. म्हटलं, मीही येते, सोबत होईल. डॉक्टरांकडे ही रांग! बाई रांगेत बसल्या आणि मी रिक्षा करून थेट तुझ्या कॉलेजात. तुला चकित करायचं होतं. तर तुझी परीक्षा चाललेली! मग म्हटलं, आलोच आहोत तर मास्तरांना तरी भेटावं. मफलर होताच पिशवीत.

काय ती खोली! सगळीकडे तेलाचा वास, आणि ते तुझं मशीन खालमानेने टक टक टक चाललेलं, आमच्या जुन्या शिलाई मशीनसारखं. ढापण्याला मी लगेच ओळखलं. म्हटलं, "तूच ना रे तो, नाक बघणारा?" तो असा लाजला! मास्तरांनी स्वतः खुर्ची दिली. तिथे त्या पट्ट्यांच्या कंपनीचे साहेबही आले होते, वयस्कर, सूटबुटातले, पण माणूस साधा. माझ्यासाठी चहा त्यांनीच पुढे केला.

मी मफलर दिला. मास्तर म्हणाले, "अहो, कशाला!" म्हटलं, "कशाला काय? तुम्ही माझ्या नातीला किती सांभाळून घेता! आमच्या वेळचे मास्तर एक गणित चुकलं तर शंभरदा काढायला लावायचे. आणि तुम्ही! पोरीचे तुकडे मधेच तुटले तरी म्हणता, राहू दे, जबड्यात तुटले असं लिही. पुन्हा पुन्हा करायचे कष्ट नकोत म्हणून. एवढं मोठं मन कुणाचं असतं आजकाल?"

भिंगरे, ढापण्याने तर हातातलं काम सोडून माझ्याकडे वळून बघितलं! मला वाटलं, आपण अगदी योग्य ते बोललो. कंपनीचे साहेब पुढे वाकून म्हणाले, "आजी, पुन्हा सांगता का? नीट ऐकू नाही आलं." त्यांनाही माझ्यासारखंच कमी ऐकू येत असणार. म्हणून मी पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्याने. तू मायक्रोस्कोपखाली पाहिलंस तेही सांगितलं, म्हणजे तुझी हुशारी कळावी.

मास्तरांनी चहा घेतलाच नाही. माझ्याकडेच बघत होते. थोर माणसांना तोंडावर कौतुक सोसत नाही.

येताना बसमध्ये शिक्षिकाबाईंना सगळं सांगितलं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे छान लक्ष देऊन ऐकलं त्यांनी.

आज मी फार खूश आहे गं.

तुझी
आजी


२८ डिसेंबर

भिंगरे,

पत्र नाही, फोन नाही. तुझ्या आईला विचारलं तर म्हणते परीक्षा. परीक्षा तर कधीच संपली. मी न सांगता आले म्हणून रागावलीस का? की मफलर मास्तरांना अपुरा पडला? राग आला असेल तर तसं लिही. कोरं पाकीट पाठवलंस तरी चालेल.

आजी


१९ जानेवारी

आजी,

तू का आलीस?

तुला खरंच कळलं नाही? मी ते रागाने लिहिलं होतं. दयाळू माणसं, कष्ट देत नाहीत, हे सगळं टोमणे मारत होते मी. तुला सगळं खरं वाटतं, हे मला माहीत असायला हवं होतं. सर माझे कष्ट वाचवत नव्हते, आजी. पट्टी लवकर तुटते हे कंपनीला कळलं असतं तर हे काम आणि त्याचे पैसे गेले असते, म्हणून ते तुकडे लपवत होते. आणि तू ते कंपनीच्याच माणसाला सांगितलंस. दोनदा.

साहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मला बोलावलं. ढापण्या भिंतीला टेकून उभा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आजी फार गोड आहेत हं. वय बरंच असेल ना? हल्ली गोंधळतात का थोड्या?"

प्रश्नातच उत्तर होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मी बोलत सुटले. म्हटलं, हो सर, दोन वर्षं झाली. गॅस चालू ठेवतात. बाबांना आजोबांच्या नावाने हाक मारतात. ऐकलेल्या गोष्टी भलत्याच ठिकाणी जोडतात, आणि मग तेच खरं धरून बसतात. मी कधी काय सांगितलं असेल, त्यांनी काय ऐकलं असेल, देव जाणे. हे मी हसत हसत सांगितलं, आजी. ढापण्याही हसला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझ्या आईचंही असंच आहे." मग चष्मा पुन्हा लावला आणि विषय संपला.

मी तिथेच साहेबांना खरं सांगायचं धाडस केलं असतं तर? तर आज मी घरी असते आणि बाबा गॅलरीतून आत-बाहेर करत असते. त्याऐवजी परवा सरांनी सांगितलं, या कामाच्या पेपरावर, म्हणजे शोधनिबंधावर, माझंही नाव घालणार. पुढच्या वर्षीपासून मी इथेच, त्यांच्या हाताखाली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालंय.

फेब्रुवारीत विभागाचा कार्यक्रम आहे. हे काम मी सगळ्यांपुढे सांगणार आहे. घरच्यांना बोलावलंय. बाबा येतील, आई येईल. साहेबही असतील.

तू येऊ नकोस. तुझ्याशी कुणीही दोन वाक्यं बोललं तर कळेल की तुला काही झालेलं नाही.

भिंगरी


३० जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. हे शिक्षिकाबाईंना वाचून दाखवलं नाही.

वाटेल ते सांगायचंस, पण गॅसचं का सांगितलंस? गॅस मी जन्मात कधी चालू ठेवला नाही. तुझ्या आईने ठेवला होता एकदा, दूध उतू जाऊन आच विझली तेव्हा, आणि मी बंद केला. मी त्याचा कधी उच्चारही केला नाही. दुसरं काहीही माझ्या माथी मार. विसरते म्हण, बडबडते म्हण, ते खरंच आहे.

एक विचारते. ते तुकडे मधेच तुटले होते ना? तू बघितले होतेस ना नीट? एवढंच कळव.

कार्यक्रमाचं म्हणशील तर पंचाईत झाली आहे. बाबाने तिकिटं काढली, तिघांची. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तर म्हणाला, "आई, गुडघ्यासाठी मी गाडी करीन, पण तू नाहीस तर पोरीला काय वाटेल? तुझ्यामुळे तर ती तिथे आहे." इस्त्रीला शर्ट टाकलाय त्याने, निळा, जो तो कुठेच घालत नाही. त्याला काय सांगू? तू सांग. तू फोन करून सांग, आजीला आणू नका म्हणून. तुझ्या तोंडून निघत असेल तर.

नाही तर मी येईन. तू घाबरू नकोस, तुला तोंडघशी पाडणार नाही.

आजी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

तू फोन केला नाहीस, म्हणून मी आले. कार्यक्रमात तुझ्याशी बोलणं झालं नाही. तू या टोकाला, मी त्या टोकाला, आणि मधे सगळ्यांसमोर आल्याशिवाय तुझ्यापर्यंत येता येत नव्हतं. म्हणून लिहिते.

छान बोललीस. साडी नीट नेसली होतीस. पडद्यावर तो आलेख दाखवलास तेव्हा बाबा माझ्या कानात म्हणाला, "बघ, वर चाललाय." मला त्यातलं कळलं नाही, पण टाळ्या वाजल्या तेव्हा तू खाली बघत होतीस, ते दिसलं.

चहाच्या वेळी तुझे मास्तर आले. "कशा आहात आजी?" म्हणाले. मी त्यांच्याकडे नीट बघून म्हटलं, "आलात का! किती दिवस नळाला पाणी नाही, तक्रार तरी किती करायची?" मास्तर गोरेमोरे झाले, मग हसले. ढापण्या तोंडावर रुमाल धरून बाजूला गेला. मला वाटलं, जमतंय. म्हणून आणखी म्हटलं, "आणि मीटरवाल्यालाही पाठवा." नाटकात काम करायची मला लहानपणापासून हौस होती, तुला ठाऊक आहेच.

पण मग ते साहेब आले, सूटबुटातले. ते हसले नाहीत. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि माझा हात हातात घेतला. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आजी, पाणी येईल हं. मी सांगतो त्यांना. उद्या येईल." त्यांच्या आईला खरंच झालंय. तिला असंच सांगत असणार रोज. मला त्या माणसासमोर जितकी लाज वाटली तितकी कधी कुणासमोर वाटली नाही. हात सोडवून घ्यावासा वाटला, आणि सोडवता येईना.

पुढचं ऐक. मास्तरांनी बाबाला बाजूला घेतलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण गाडीत चढताना बाबाने माझा दंड घट्ट धरून ठेवला. घरी आल्यावर तुझ्या आईला आत नेऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी गॅसच्या बटणावर तिने कसलंसं झाकण बसवून घेतलं. माझी किल्ली बाबाकडे आहे. जिना एकटीने उतरायचा नाही. शिक्षिकाबाईंनाही सांगून ठेवलंय, आणि त्या आता माझं बोलणं ऐकताना माझ्याकडे बघतात. पूर्वी पिशवीकडे बघायच्या, ते बरं होतं.

मी बाबाला सांगितलं, अरे, मी नाटक करत होते. "हो आई," म्हणाला. म्हटलं, पोरीला विचार, तिने मास्तरांना तसं सांगितलं होतं म्हणून. "हो आई." म्हटलं, असा काय बोलतोस, मी शहाणी आहे! "हो आई, हो. तू झोप थोडा वेळ." माझ्याशी भांडायचा माझा मुलगा. गॅलरीतून ओरडायचा. आता भांडत नाही.

मी काहीही बोलले तरी त्यांच्या कानावर वेड्या बाईचंच पडतं. हे तूच सोडवू शकतेस. तू बाबाला एक फोन कर. हे पत्र पोस्टमनच्याच हातात दिलंय, घरातून.

आजी


४ मार्च

आजी,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. खरंच.

पण आत्ता सांगितलं तर बाबा थेट सरांकडे येतील. तू ओळखतेस त्यांना. साहेबांपर्यंत जाईल, पेपर थांबेल, आणि मग माझं काय? नोकरीच्या मुलाखती होऊन गेल्या. पेपर छापून येईपर्यंत थांब. मग मी स्वतः घरी येऊन बाबांना समजावीन. तोवर औषध वगैरे देतील तर घेऊ नकोस, बाकी ते म्हणतील तसं कर.

तू विचारलं होतंस. हो, मधेच तुटले होते. पण आता मी जुने तुकडे काढून बघते ना, तर त्यातले काही जबड्याजवळचेही वाटतात. नजर बसायला वेळ लागतो, तसं असेल. सध्या मशीन थांबायच्या आधीच माझं लिहून झालेलं असतं. ढापण्या म्हणाला, "आता तू आमच्यातली झालीस."

काळजी घे.

भिंगरी


२३ मे

भिंगरे,

तुझा पेपर आला. तू बाबाला पाठवलेल्या पाकिटात पेपरासोबत 'लवकरच येते' एवढंच लिहिलेलं होतं, कधी ते नव्हतं. बाबाने फोन केला तर म्हणालीस, आता दुसरा पेपर लिहायला घेतलाय.

मी हल्ली बरी असते. दुपारी पडून राहते. औषध घेते. बाबा स्वतः हातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत उभा राहतो, मग नाही कशी म्हणू? पत्र लिहिते तेही आता तुझी आई वाचून मगच टाकते, म्हणून सगळं लिहिता येत नाही. सूनबाई, वाच हो, काही लपवण्यासारखं नाही.

काल सकाळी बाबा माझ्या पलंगाजवळ तो पेपर घेऊन बसला. तोच निळा शर्ट घातला होता त्याने. पहिलं पान उघडलं, नावं होती तिथे बोट ठेवलं आणि मोठ्याने, सुटं सुटं म्हणाला, "आई, ही कोण? बघ बरं. आठवतं का, ही कोण?"

मी चष्मा लावला. पुष्कळ वेळ बघितलं.

म्हटलं, "नाही रे. मी नाही ओळखत हिला."

बाबा तसाच बसून राहिला, बोट तिथेच ठेवून. तुझी आई दारातून आत गेली आणि तिने नळ सोडला, म्हणजे रडलेलं ऐकू येऊ नये.

आजी